स्वहस्ते जुळवलेली मोटार आणि तिची निगा

मोटार कारखान्यात तयार व्हावी, दुकानात विकली जावी आणि बिघडली की मिस्त्रीच्या स्वाधीन केली जावी, असाच आपला सर्वसाधारण अनुभव आहे. घरच्या अंगणात सायकलीचे ओव्हरऑइलिंग करणारे विद्यार्थी आपल्यात पुष्कळ असतील; परंतु मोटारीचे सुटे भाग घरी आणावेत आणि ती स्वतःच्या हातांनी जुळवून रस्त्यावर काढावी, ही कल्पना आपल्याला काहीशी अद्भुतच वाटते. इंग्लंडमध्ये मात्र अनेक हौशी लोकांनी हा उद्योग केला आहे व अजूनही करीत आहेत. अशा गाडीला तिकडे ‘किट कार’ म्हणतात. तिच्या जुळणीचे सर्वत्र कौतुक होते. पण जुळणी काही आठवड्यांत वा महिन्यांत संपते, निगा मात्र गाडी असेपर्यंत संपत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्या निगेविषयीच मुख्यतः लिहावयाचे योजिले आहे. उदाहरणादाखल ‘लोटस सेव्हन’ ही प्रसिद्ध गाडी घेऊ.

कॉलिन चॅपमन या तरुण इंजिनिअरने १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवरून आपली पहिली मोटार बनवली आणि पुढे लोटस कंपनी काढली. तिची ‘सेव्हन’ १९५७ साली बाजारात आली. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर जबर खरेदीकर होता. सुट्या भागांवर तो नव्हता. त्यामुळे करासह तयार सेव्हनची किंमत १०३६ पौंड, तर तीच गाडी सुट्या भागांच्या रूपाने ५३६ पौंडांस मिळे. करमाफीसाठी जुळणीच्या सूचना सोबत देण्यास बंदी होती, म्हणून चॅपमनने गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या व गिऱ्हाइकांनी त्या उलट क्रमाने वाचल्या, अशी एक गमतीदार आख्यायिका सांगतात. १९७३ साली खरेदीकर जाऊन त्याच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनविण्याचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. सवलत गेली तरी हौस गेली नाही, हे विशेष.

गाडीची रचना अगदी साधी. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर रिव्हेटने बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती आणि बसायला दोघांपुरती जागा. सारे वजन सुमारे ५०० किलो, म्हणजे आपल्या परिचयाच्या अँबॅसडरच्या निम्म्याहूनही कमी. पहिल्या सेव्हनमध्ये फोर्डचे ११७२ घनसेंटिमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन असे. फोर्डने ते आपल्या साध्या कुटुंबवत्सल गाड्यांसाठी बनवले होते.

या गाडीची निगा अवघड होण्याचे मूळ कारणही येथेच सापडते. तिचे भाग एका घरचे नाहीत. १९६० साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीचेच पाहा. इंजिन फोर्डचे, मागचा आस स्टँडर्ड कंपनीच्या गाडीचा आणि पुढच्या चाकांचे खांब ट्रायंफ हेरल्डचे. (हीच हेरल्ड १९६१ पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने तयार होऊ लागली, आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी ती चालवलीही असेल.) प्रत्येक भागाची प्रकृती वेगळी, पथ्य वेगळे. एकाच माहितीपुस्तकात सारे मिळेल, ही आशा व्यर्थ होय.

हेरल्डच्या त्या खांबाचेच उदाहरण घ्या. चाक वळते तेव्हा या खांबाचे खालचे टोक कांस्याच्या एका बैठकीत स्क्रूसारखे फिरते. या बैठकीला ‘ट्रनिअन’ म्हणतात. तिच्यात दाट गिअर-ऑइल घालावे लागते. पण तेथे ग्रीसची पिचकारी लावता येईल असे तोंड दिसते, म्हणून पुष्कळजण बिनदिक्कत ग्रीस भरतात. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तेथे पाणी शिरते, पोलाद गंजते आणि एखाद्या दिवशी वळणावर खांब मोडून चाक आडवे होते. दोन चमचे तेलाचा प्रश्न, परंतु त्यावर दोन माणसांचा जीव अवलंबून! गाडी जुळवणाऱ्याला हा खांब मुळात कोणत्या गाडीचा हे ठाऊक असेल, तरच त्याला हे पथ्य कळणार.

ब्रेकची गोष्ट याहून महत्त्वाची. द्रवपदार्थ दाबला तरी आकुंचन पावत नाही आणि त्यावरचा दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम आपण पदार्थविज्ञानात शिकतो. पायाखालच्या पट्टीचा दाब नळीतील तेलामार्फत चारही चाकांना पोहोचतो तो याच नियमाने. हे तेल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ मात्र दाबली जाते. मग पट्टी सरळ तळाला जाते व गाडी थांबत नाही. म्हणून गाडी थोडी चालली असो वा पुष्कळ, ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलावे असा प्रघात आहे. शिवाय त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असे. एका नळीला भेग पडली की चारही ब्रेक एकदम निकामी! रबरी नळ्या वाकवून, बोटांनी चाचपून पाहणे हे काम आळसावर सोडण्यासारखे खास नव्हे.

हलकी गाडी, ताठ स्प्रिंगा आणि घरी आवळलेले नट, असा योग असल्यावर हादऱ्यांनी काहीतरी सैल होणारच. नव्याने जुळवलेल्या गाडीचे सारे नटबोल्ट पहिल्या काहीशे मैलांनंतर पुन्हा तपासतात. येथे एक युक्ती फार सोपी व उपयुक्त आहे. नट आवळून झाला की नटावरून बोल्टच्या टोकापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पुढे नट जरासा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. पाना न लावता नुसत्या नजरेने तपासणी होते.

गंजाचा प्रकार मात्र कपटी आहे. वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा म्हणून तो गंजणार नाही, असे वाटते. पण ॲल्युमिनियम व पोलाद एकमेकांस टेकून असले आणि मध्ये खारट ओल आली, की तेथे एक लहानसा विद्युतघटच तयार होतो व त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तेव्हा तेथे ही भीती विशेष. म्हणून जुळणीच्या वेळीच दोन धातूंच्या मध्ये रंगाचा वा रबरी लेपाचा थर देतात. पत्र्याआड दडलेली नळी हलक्या हातोडीने ठोकून पाहतात. घट्ट नळीचा आवाज खणखणीत येतो, कुजलेलीचा बद्द. मडगार्ड फायबरग्लासचे असतील तर तेथे गंज नाही, पण दुसरी अडचण आहे. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून त्यावरील प्रत्येक दिव्याला परतीची स्वतंत्र तार द्यावी लागते. दिवे मंद जळू लागले की जाणकार माणूस प्रथम ही तार पाहतो.

इंधनही आता पूर्वीचे राहिलेले नाही. ब्रिटनमध्ये शिसेमिश्रित पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ च्या अखेरीस बंद झाली. ते शिसे इंजिनाच्या झडपांच्या बैठकांचे रक्षण करीत असे. ते गेल्यावर जुन्या बिडाच्या बैठका झिजतात, झडप खोल जाते, तिच्या दांड्याशी ठेवलेली फट कमी होते आणि शेवटी झडप नीट मिटेनाशी होऊन जळते. ही फट वेळोवेळी मोजत राहणे किंवा कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेणे, हे दोन उपाय आहेत. त्यात २०२१ पासून तेथील सामान्य पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. भारतात हे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले, तेव्हा हा प्रश्न परकाच आहे असे नाही. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या मऊ करते, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर काय होईल हे सांगावयास नकोच. नव्या जातीच्या नळ्या बसविण्यास खर्च थोडा येतो. तो टाळण्यात शहाणपण नाही.

पण या गाड्यांचा खरा शत्रू धावणे नव्हे, तर उभे राहणे होय, असे माझे मत आहे. हौशी माणूस वर्षातून हजारभर मैल हिंडतो आणि एरवी गाडी शेडमध्ये झाकून ठेवतो. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने कडक झालेले असते. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा दाखवतात, पुढचे दोन वर्ष. ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. मोठ्या ममतेने दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करणारे लोकही भेटतात. तेवढ्या वेळात इंजिन पुरते तापत नाही; ज्वलनातून निघालेले पाणी तेलात उतरते व तेथेच राहते. याहून इंजिन न चालवलेले बरे! चालवायचेच तर पाचसहा मैल फिरवून आणावे.

कायद्याने येथे फारसे साहाय्य होत नाही. २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या व मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. गाडी रस्त्यावर नेण्यास योग्य असण्याची जबाबदारी मात्र मालकावरच राहते. परीक्षक गेला, पण परीक्षा राहिली!

यासाठी अनुभवी लोक एक जाड वही ठेवतात. कोणता भाग कोणत्या गाडीचा व कोणत्या सालचा, कोणत्या जोडाला कोणते वंगण, कोणता नट किती जोराने आवळावयाचा, तारांचे रंग कोणते, ब्रेकचे तेल कोणत्या तारखेस बदलले, हे सारे तीत टिपलेले असते. जुळणी चालू असतानाची, पत्रा बसण्यापूर्वीची छायाचित्रेही तीत डकवतात. कारण पुढे आतल्या नळ्या दिसणार नाहीत. अशी गाडी विकावयास निघाली, की जाणता गिऱ्हाईक इंजिन सुरू करण्यास सांगण्यापूर्वी ही वही मागतो आणि प्रथम शेवटचे पान उघडून तारीख पाहतो.