भातावरचा करपा मोबाईलला कसा कळतो? औषध आणण्याआधी एवढं वाचा

भोर/वेल्हे : भाताच्या पानावर डाग दिसला की हल्ली आधी खिशातून मोबाईल निघतो. फोटो काढायचा, ॲपमध्ये टाकायचा आणि ॲप सांगेल ते औषध दुकानातून आणायचं. केंद्र सरकारनेही फोटोवरून कीड-रोग ओळखण्यासाठी १५ ऑगस्ट २०२४ रोजी 'एनपीएसएस' हे ॲप सुरू केलं. सोय चांगलीच आहे. पण हिरडस मावळ असो की वेल्हे (आताचा राजगड) तालुका, फोटो चुकला तर औषधही चुकतं आणि पैसा पाण्यात जातो. म्हणून मोबाईल फोटो कसा 'वाचतो' ते समजून घेऊ.

पान नाही, आकडे दिसतात

फोटो म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. एका चौकोनाला पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत असे सुमारे १ कोटी २० लाख चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. हिरव्यागार पानात हिरव्याचा आकडा मोठा असतो. करड्या डागात तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात.

शेजारच्या चौकोनांचे आकडे एकदम बदलले की तिथे कड आहे, असं ॲप धरतं. अशा कडा जोडून डागाचा आकार मिळतो आणि रोग ओळखायला या आकाराचा मोठा आधार असतो. करप्याचा डाग डोळ्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये करडा आणि कडेला तपकिरी. कडा करप्यात पान टोकाकडून, कडेकडेने पिवळं पडून वाळत येतं. करपा बुरशीमुळे होतो, कडा करपा जिवाणूमुळे. करप्यासाठी आणलेलं बुरशीनाशक कडा करप्यावर मारलं तर फवारणी वाया जाते.

बांधावरून फोटो काढला तर?

समजा फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे. बांधावर उभं राहून ४ मीटर रुंदीचं खाचर त्यात घेतलं, तर १ सेंटिमीटरच्या डागाच्या वाट्याला फक्त १० पिक्सेल येतात. तेवढ्यात आकार कळत नाही. जवळ जाऊन वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर जागा घेतली, तर त्याच डागाला २०० पिक्सेल मिळतात.

हात हलला की शेजारचे आकडे एकमेकांत मिसळतात आणि कड पुसली जाते. पानावर पावसाचं पाणी चमकलं तर तिथे तिन्ही आकडे २५५ च्या जवळ जातात, डाग झाकला जातो. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात निरोगी पानही पिवळट दिसतं. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो. कुणाला दाखवायचाच असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

ई-पीक पाहणीचा फोटो मात्र वेगळा. २०२१ पासून सुरू असलेली ती पाहणी सातबाऱ्यावर पिकाची नोंद होण्यासाठी आहे. तिथे शेतातलं पीक दिसायला हवं, रोगासाठी एकच पान.

ॲपचं उत्तर म्हणजे अंदाज

रोगाची नावं लावलेले हजारो फोटो दाखवून ॲपला शिकवलेलं असतं. नवा फोटो त्यातल्या कशाशी जुळतो, एवढंच ते सांगतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात १४ पिकांच्या ५४,३०६ फोटोंवर संगणकाला शिकवलं होतं. त्याच पद्धतीने काढलेल्या फोटोंवर त्याची उत्तरं ९९ टक्क्यांहून जास्त बरोबर आली. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले, तेव्हा हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं. त्या १४ पिकांत भात नव्हता. त्यानंतर ॲप सुधारली आहेत, पण धडा तोच: जे दाखवलं नाही, ते मशीनला ओळखता येत नाही. नत्र कमी पडूनही पान पिवळं पडतं, हेही लक्षात ठेवा.

फोटो काढताना

- लेन्स कोरड्या कापडाने पुसा. पान हलकेच झटकून पाणी काढा.
- दिवसाच्या उजेडात, पण कडक ऊन आणि फ्लॅश टाळून फोटो घ्या.
- पानामागे तळहात किंवा कोरा कागद धरा, म्हणजे मागचा चिखल-गवत फोटोत येणार नाही.
- स्क्रीनवर डागावर बोट टेकवा, चित्र स्पष्ट झालं की मगच फोटो काढा.
- तीन-चार वेगवेगळ्या चुडांच्या पानांचे फोटो द्या. उत्तरं वेगवेगळी आली तर फवारणी थांबवा.

औषध घेण्याआधी पान घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर विचारा. ॲपला फक्त पान दिसतं. खाचरात पाणी किती दिवस तुंबलं, युरिया किती टाकला, शेजारच्या खाचरात काय आहे, हे शेतकऱ्यालाच सांगावं लागतं.