उजेडाची वर्दी आणि पाणी

वैशाखांत भर दुपारीं उमरखेडच्या रस्त्यावरून माजघरांत पाऊल टाकावें, तों क्षणभर कांहींच दिसत नाहीं. हळूहळू फळीवरचे डबे ओळखूं येतात. पण डोळे पुरते सरावण्यास अर्धा तास लागतो. अंधुक उजेडांत पाहणाऱ्या दांडीसारख्या पेशींत ऱ्होडॉप्सिन नांवाचें प्रथिन असतें. प्रखर प्रकाशानें तें विटतें, आणि पुन्हा सिद्ध होण्यास त्यास इतका वेळ हवा असतो.

हें प्रथिन पेशींतील तेलकट पापुद्र्यांत रोंवलेलें असतें. ३४८ अमिनो आम्लांची ही सांखळी तो पापुद्रा सात वेळां ओलांडते. तिच्या पोटांत ‘अ’ जीवनसत्त्वापासून झालेला रेटिनल हा वांकडा रेणू बसलेला असतो. प्रकाशाचा एक कण पडतांच तो सरळ होतो आणि प्रथिन पेशीस उजेडाची वर्दी देतें. या रसायनाचा उलगडा करणारे जॉर्ज वॉल्ड हे १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत.

तेलकट पापुद्र्यांतल्या या व्यवहारांत पाण्याचें काय काम, असें कोणासहि वाटेल. परंतु कैरीच्या फोडींस मीठ लावलें कीं पाणी सुटतें ना? त्याच न्यायानें अमेरिकेंतील संशोधकांनीं प्रथिनांत शिरूं न शकणारे मोठे रेणू भोंवतीं घालून आंतील पाणी ओढून घेतलें. तेव्हां उजेड पडूनहि प्रथिन निष्क्रिय अवस्थेकडे झुकूं लागलें! २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशेब असा कीं, जागृत होतांना एकेका प्रथिनांत पाण्याचे सुमारें ८० ते १०० रेणू शिरतात. म्हणजे प्रकाश कळ दाबतो; पण दार उघडें राहतें तें पाण्याच्या आधारानें.

अ‍ॅड्रेनॅलिन ओळखणारे ग्राहकहि याच कुळांतले. आजच्या औषधांपैकीं सुमारें एक तृतीयांश औषधें या कुळावरच चालतात. म्हणून पाण्याचा हा हिशेब औषधें घडविणाऱ्यांसहि महत्त्वाचा आहे.

शिक्षक असतांना, तिन्हीसांजेस अडखळणाऱ्या एका मुलावर धांदरट म्हणून मी रागावलों होतों. त्यास रातांधळेपणा होता, हें मागाहून कळलें. हा विकार बहुधा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या उणिवेनें होतो. तेथें पाणी असतेंच, रेटिनल अपुरें पडतें. म्हणून नुसतें पाणी पिऊन तो जात नाहीं. शेवग्याचा पाला, पालेभाज्या, पपई, आंबा, दूध हीं मुलांच्या पोटांत जावींत. आणि मूल संध्याकाळीं ठेंचाळूं लागलें, तर त्यास बोल लावण्यापूर्वीं डॉक्टरांस दाखवावें.