तापलेली फरशी आणि तिचा थर्मोस्टॅट

बृहन्महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांची मुलेबाळे हल्ली कॅनडात स्थायिक झाली आहेत, आणि इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद यांसारख्या नगरांतून त्यांचे आईवडील तिकडे चार-सहा महिने राहावयास जातात. ज्या प्रदेशात हिवाळ्यातील पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, तेथे स्नानगृहातील दगडी वा चिनीमातीच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवणे ही शिक्षाच होय. म्हणून अनेक घरांत फरशीखाली विजेची तार अंथरून ती फरशी तापविण्याची योजना केलेली असते. तिची सारी सूत्रे दाराजवळच्या भिंतीवरील एका लहानशा पेटीत असतात. ही पेटी म्हणजे थर्मोस्टॅट. ती कशी बसवावी, तिजकडून काम कसे करून घ्यावे आणि कोणती पथ्ये पाळावीत, याचा विचार आज आपण करू.

जमीन तापविण्याची कल्पना मुळीच नवी नाही. प्राचीन रोमन लोक आपल्या स्नानगृहांची जमीन लहान खांबांवर उचलून धरीत आणि तिच्याखालून भट्टीची गरम हवा खेळवीत. कोरियातील ‘ओन्दोल’ पद्धतीत चुलीचा धूर व उष्मा जमिनीखालच्या मार्गांतून नेला जाई. या दोन्ही योजनांत एक उणीव होती. उष्णता किती हवी हे ठरविणारा मनुष्य एकीकडे, आणि जाळ घालणारा दुसरीकडे.

ही उणीव एका शिक्षकाला फार जाचली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे एक अध्यापक होते. शाळेची भट्टी तळघरात असे, आणि वर्ग फार तापला की फार गारठला, हे पाहावयास तेथील नोकर वरचेवर वर्गात डोकावे. त्यामुळे शिकविण्यात खंड पडे. तेव्हा जॉन्सन यांनी अशी विद्युत्-योजना केली की, खोलीतील उष्णमान ठराविक मर्यादेबाहेर गेले की तळघरात सूचना मिळावी. १८८३ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. त्याही आधी, १८३० मध्ये, स्कॉटलंडचे रसायनज्ञ अँड्र्यू यूर यांनी दोन धातूंची जोडपट्टी वापरून उष्णतेचे नियमन करणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले होते. दोन धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे एकत्र जोडलेली पट्टी तापली की वाकते, आणि तिच्या वाकण्याने झडप वा खटका चालविता येतो. आपल्या घरातील विजेच्या इस्त्रीत हेच तत्त्व राबत असते. इस्त्री तापली की ‘टक्’ असा आवाज होऊन दिवा मालवतो, तो त्या पट्टीच्याच करामतीने.

फरशीच्या थर्मोस्टॅटात मात्र जोडपट्टीऐवजी बहुधा थर्मिस्टर असतो. हा एक मण्याएवढा विद्युत्-रोधक असून तो लांब तारेच्या टोकाशी बसविलेला असतो. तो जसजसा तापतो, तसतसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. पुष्कळ थर्मिस्टरांचा विरोध २५ अंश सेल्सियसला १०,००० ओहम असतो. ३० अंशांना तो सुमारे ८,००० वर येतो आणि २० अंशांना सुमारे साडेबारा हजारांवर जातो. भिंतीवरील पेटी हा विरोध मोजते, त्यावरून फरशीचे उष्णमान ताडते, आणि आपण ठरविलेल्या आकड्याशी ते ताडून पाहते. फरशी थंड असेल तर तारेत वीज सोडते. इष्ट उष्णमान आले की वीज तोडते. फरशी किंचित निवली की पुन्हा सोडते. एवढेच तिचे काम. परंतु ते ती अहोरात्र न कंटाळता करते.

येथेच एक फार रूढ गैरसमज दूर केला पाहिजे. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याची तोटी नव्हे. तोटी अधिक फिरविली की पाणी अधिक येते. थर्मोस्टॅटचा आकडा वाढविल्याने मात्र फरशी लवकर तापत नाही. तार आपल्या ठराविक शक्तीनेच तापते. आकडा २८ वर ठेवा की ३५ वर, पहिल्या अर्ध्या तासात फरशी सारखीच तापेल. फरक इतकाच की, ३५ वर ठेवल्यास ती २८ ला थांबणार नाही. तेव्हा घाईने आकडा वाढविणाऱ्यास लवकर ऊब मिळत नाही. मागाहून विजेचे देयक तेवढे मोठे मिळते.

आता बसविण्याचा विचार करू. हे काम परवानाधारक वायरमनचे आहे आणि ते त्यानेच करावे. परंतु घरमालकास ते समजत असले म्हणजे चूक वेळीच लक्षात येते. कारण फरशी एकदा बसली की तिच्याखालची चूक दुरुस्त करणे म्हणजे फरशी फोडणे होय.

पहिली गोष्ट संवेदकाच्या, म्हणजे थर्मिस्टरच्या, जागेची. तो तापणाऱ्या तारेच्या दोन ओळींच्या बरोबर मध्ये असावा. तारेला चिकटून ठेवल्यास त्याला तारेचीच धग लागेल आणि फरशी थंड असतानाच वीज तुटेल. उलट तो तापणाऱ्या भागाच्या बाहेर ठेवल्यास त्याला फरशी नेहमी थंडच भासेल आणि तार विनाकारण तापत राहील. म्हणून तो तापणाऱ्या भागाच्या कडेपासून निदान तीस सेंटिमीटर आत घ्यावा, आणि गरम पाण्याच्या नळापासून व थेट उन्हापासून दूर ठेवावा. तो उघडा न गाडता, टोक बंद केलेल्या बारीक नळीत सरकवून ठेवणे शहाणपणाचे. पुढेमागे तो निकामी झाला तर नळीतून ओढून नवा घालता येतो. नवा संवेदक घेताना त्याचा विरोध पेटीच्या माहितीपत्रकाशी जुळवून पाहावा. निरनिराळे उत्पादक निरनिराळ्या विरोधाचे संवेदक वापरतात, आणि विजोड जोडी जमविल्यास पेटीवर दिसणारा आकडा खोटा ठरतो.

दुसरी गोष्ट तारेची. तापणारी तार कधीही कापून आखूड करू नये. जाळीवर बसविलेली तार वळवावयाची असेल तर जाळी कापावी, तार नव्हे. तार आखूड झाली की तिचा विरोध घटतो, प्रवाह वाढतो आणि ती वाजवीपेक्षा अधिक तापते. तारेचा विरोध मीटरने तीन वेळा मोजावा : वेष्टणातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि फरशी बसल्यावर. तिन्ही आकडे वेष्टणावर छापलेल्या आकड्याशी जुळले पाहिजेत. गवंड्याच्या थापीने तार दुखावली असल्यास ते दुसऱ्या व तिसऱ्या मोजणीतच कळते. हे आकडे लिहून जपून ठेवावेत.

तिसरी गोष्ट जोडणीची. पेटीला सहसा तीन जोड्या असतात : एक घरातून येणाऱ्या विजेची, एक फरशीकडे जाणाऱ्या तारेची आणि एक संवेदकाची. मुख्य खटका बंद करून, वीज खरोखर बंद आहे हे तपासूनच हात घालावा. संवेदकाची नाजूक तार विजेच्या मुख्य तारांबरोबर एकाच नळीतून नेऊ नये. तापणाऱ्या तारेभोवतीचे धातूचे कवच न चुकता अर्थिंगला जोडावे. पेटीवर लिहिलेली प्रवाहाची मर्यादाही पाहावी. २४० व्होल्टवर १५ अँपिअरची पेटी ३,६०० वॅटपर्यंतचा भार सोसते. त्याहून मोठ्या जमिनीसाठी वेगळी व्यवस्था लागते.

स्नानगृहात पाणी आणि वीज यांचा शेजार असल्याने गळती-रक्षक खटका अनिवार्य समजावा. आपल्याकडे ईएलसीबी किंवा आरसीसीबी या नावाने तो परिचित आहे. कॅनडा-अमेरिकेत हा रक्षक बहुधा थर्मोस्टॅटच्या पेटीतच बसविलेला असतो आणि सुमारे ५ मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडतो. युरोपात ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र रक्षक घालतात. पेटीवर ‘टेस्ट’ अक्षरांची कळ असल्यास ती महिन्यातून एकदा दाबून पाहावी. वीज तुटली तर रक्षक जागा आहे. न तुटल्यास पेटी वापरू नये आणि वायरमनला बोलवावे. रक्षक वारंवार तुटत असेल तर तो पुनःपुन्हा लावीत बसू नये. तो काही तरी सांगत आहे, असे समजावे.

फरशी बसली म्हणजे लगेच वीज सुरू करावी, असा मोह होतो. तो आवरावा. सिमेंटचा थर व चिकटवणीचा मसाला आपल्या गतीने घट्ट व्हावयास हवा. उष्णतेने तो घाईघाईने वाळविल्यास चिरा पडतात आणि फरश्या सुटतात. उत्पादकाने सांगितलेले दिवस पुरे झाल्यावरच, आणि तेही उष्णमान रोज थोडे थोडे चढवीत, योजना सुरू करावी.

आता नेहमीच्या वापराकडे वळू. पेटी प्रथम सुरू केल्यावर घड्याळ आणि वार लावावे. नंतर नियंत्रणाचा प्रकार निवडावा. फरशीचे उष्णमान पाहून चालणे, खोलीतील हवेचे पाहून चालणे, किंवा हवेचे पाहताना फरशीला कमाल मर्यादा घालणे, असे तीन प्रकार असतात. स्नानगृहात केवळ पायांना ऊब हवी असेल तर पहिला प्रकार बरा. संपूर्ण खोली याच योजनेने उबदार ठेवावयाची असेल, तर तिसरा. दुसरा प्रकार एकटा वापरण्यात धोका असा की, हवा तापेतो फरशी किती तापली याची दखल कोणी घेत नाही.

कमाल मर्यादा किती असावी? राहत्या खोलीच्या जमिनीचा पृष्ठभाग २९ अंशांहून अधिक तापू नये, असे युरोपीय मानक सांगते. लाकडी जमिनीसाठी उत्पादक बहुधा २७ अंशांची मर्यादा घालतात, कारण अधिक उष्णतेने लाकूड आकसते आणि फटी पडतात. हे आकडे काहींना फारच कमी वाटतात. परंतु माणसाच्या पायाच्या त्वचेचे उष्णमान तीस अंशांच्या आसपास असते. म्हणून २८ अंशांची फरशी हाताला ‘गरम’ न लागता केवळ ‘गार नाही’ अशी लागते. योजना बरोबर चालल्याची ती खूण आहे, बिघडल्याची नव्हे.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. चार चौरस मीटर फरशीवर दर चौरस मीटरला १३० वॅट या मानाने तार घातली, तर तिची शक्ती ५२० वॅट, म्हणजे तासाला साधारण अर्धे युनिट. ती अखंड चोवीस तास जळली तर साडेबारा युनिटे जातील. सकाळी दोन व सायंकाळी दोन तास जळली तर जेमतेम दोनच. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधूनमधून वीज तोडीत असल्याने दोन्ही आकडे उतरतात, पण वेळापत्रकाचे महत्त्व यावरून ध्यानात यावे. वेळापत्रक लावताना फरशीचे जडत्व विसरू नये. खाली उष्णतारोधक थर असलेली पातळ फरशी अर्ध्या-एक तासात तापते, तर जाड कोब्यात पुरलेल्या तारेला कित्येक तास लागतात. सात वाजता ऊब हवी असेल, तर वीज त्या मानाने आधी सुरू झाली पाहिजे. काही नव्या पेट्या मागील दिवसांचा अनुभव जमेस धरून ही वेळ आपोआप ठरवितात. जाड कोब्याच्या जमिनीत मात्र दर दोन तासांनी चालू-बंद करण्याने काही साधत नाही. तेथे रात्रंदिवस एकच बेताचे उष्णमान राखणे इष्ट.

शेवटी, आपल्या लोकांसाठी विशेष महत्त्वाची अशी दोन पथ्ये. आपल्याला जमिनीवर बसण्याची, सतरंजी वा गादी अंथरून पहुडण्याची सवय असते, आणि उबदार जमीन दिसली की तो मोह अनावर होतो. परंतु जाड गादी, गोधडी किंवा पाय नसलेले कपाट तापलेल्या जमिनीवर ठेवले की उष्णतेची वाट अडते. गादीखालची जमीन तापत जाते आणि दूर कोपऱ्यात पुरलेल्या संवेदकाला त्याचा पत्ताही नसतो. मर्यादा २९ ची असूनही गादीखाली ती कितीतरी ओलांडली जाते. यात तारेची हानी आहे, गादीची आहे आणि झोपणाऱ्याचीही आहे.

दुसरे पथ्य मधुमेही व वृद्ध मंडळींसाठी. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना मंदावली आहे, त्यांना चटका वेळेवर कळत नाही, आणि सौम्य उष्णतेशी दीर्घकाळ संपर्क राहिला तरी त्वचेला इजा होऊ शकते. अशा व्यक्तीने आपल्या पायांच्या भरवशावर फरशीची परीक्षा करू नये. घरातील दुसऱ्या कोणी पेटीची कमाल मर्यादा तपासून तिला कुलूप घालावे. ही सोय बहुतेक पेट्यांत असते.

संवेदकाची तार तुटली तर पेटीला अनंत विरोध दिसतो. भोळी पेटी त्याचा अर्थ ‘फरशी अतिशय थंड’ असा करील आणि वीज सोडीतच राहील. म्हणून चांगली पेटी अशा वेळी वीज तोडून पडद्यावर दोषाची खूण दाखविते. ती खूण दिसल्यास बटणे दाबीत न बसता मुख्य खटका बंद करावा आणि माहितगारास बोलवावे. थर्मोस्टॅट आपल्या वतीने फरशीखालचे पाहतो, जेथे आपली दृष्टी पोचत नाही. तो योग्य जागी बसला आहे, त्याची मर्यादा बांधलेली आहे आणि त्याचा रक्षक जागा आहे, एवढ्या तीन गोष्टींची खात्री घरच्या मंडळींनी हिवाळा सुरू होण्यापूर्वी दरवर्षी करून घ्यावी.