दिनमानातील बदल आणि नर प्राण्यांची प्रजननक्षमता

वर्षभरात दिवस व रात्र यांच्या लांबीत होणाऱ्या बदलाला सजीव जो शारीरिक प्रतिसाद देतात त्यास दीप्तिकालिता असे म्हणतात. अनेक पक्षी व सस्तन प्राणी यांच्यात नराच्या वृषणांची वाढ, हॉर्मोनांची पातळी आणि शुक्राणूंची निर्मिती ही दिनमानावर अवलंबून असते. दिनमान कृत्रिम रीत्या बदलले, किंवा रात्रीच्या अंधारात प्रकाश मिसळला, तर ही सर्व व्यवस्था पुढेमागे सरकते किंवा बंद पडते. 'दीप्तिकालिता' ही संज्ञा प्रथम वनस्पतींच्या संदर्भात, गार्नर व अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या १९२० मधील तंबाखूवरील संशोधनातून रूढ झाली. प्राण्यांच्या बाबतीत तिचा पुरावा त्यानंतर पाचच वर्षांत मिळाला.

तापमान, पाऊस व चारा यांत दरवर्षी फरक पडतो. दिनमानात पडत नाही. म्हणून ऋतू ओळखण्यासाठी ते सर्वांत भरवशाचे पंचांग ठरते. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असे मराठीत म्हटले जाते. खगोलीय दृष्टीने ही वाढ २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेली असते, पण वाढीच्या सूक्ष्मतेचे वर्णन म्हणून ते अचूक आहे. इतका सूक्ष्म बदल प्राण्याचे शरीर मोजते कसे, हाच या विषयातील मूळ प्रश्न आहे.

पहिले प्रयोग

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रोवन यांना पक्ष्यांच्या स्थलांतराचे कारण शोधायचे होते. एडमंटन येथे उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस सुमारे १७ तासांचा, तर हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवस सुमारे साडेसात तासांचा असतो. रोवन यांनी जुंको या लहान पक्ष्यांना ऐन हिवाळ्यात उघड्यावरील पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडाथोडा वाढवत नेला. बाहेर कडाक्याची थंडी असतानाही या पक्ष्यांची वृषणे वसंत ऋतूत असतात तितकी वाढली. दिवे न मिळालेल्या पक्ष्यांची वृषणे मात्र आक्रसलेलीच राहिली. हे निष्कर्ष १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. जपानमधील पक्षिपालकांना ही गोष्ट अनुभवाने फार पूर्वीपासून ठाऊक होती. हिवाळ्यात पिंजऱ्याजवळ संध्याकाळी दिवा ठेवून ते नर पक्ष्यांना अवेळी गायला लावत असत.

पक्ष्यांना हा प्रकाश डोळ्यांनीच जाणवतो असे साहजिकच वाटेल, पण तसे नाही. फ्रान्समध्ये झाक बन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर केलेल्या प्रयोगांत डोळे काढलेल्या बदकांचीही वृषणे प्रकाशामुळे वाढली. अमेरिकेत मायकेल मेनेकर व सहकाऱ्यांनी चिमण्यांच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई भरून कवटीतून जाणारा प्रकाश अडवला, तेव्हा वृषणांचा प्रतिसाद मंदावला. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाशग्राही पेशी असतात हे यातून सिद्ध झाले. सस्तन प्राण्यांत मात्र डोळे हेच एकमेव द्वार आहे.

प्रकाशापासून वृषणापर्यंत

सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातील मेलॅनॉप्सिनयुक्त पेशी प्रकाशाची वर्दी मेंदूतील सुप्राकायझमॅटिक केंद्रकाला देतात. हे केंद्रक म्हणजे शरीराचे मुख्य घड्याळ होय. तेथून निघालेला संदेश मेरुरज्जू व मानेतील चेतागुच्छ असा लांबचा वळसा घेऊन तृतीय नेत्र पिंडाकडे (पिनियल ग्रंथीकडे) पोहोचतो. ही ग्रंथी मेलॅटोनिन हे हॉर्मोन केवळ रात्री स्रवते. हे हॉर्मोन एरन लर्नर व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये गुरांच्या ग्रंथींपासून वेगळे केले. रात्र लांब असेल तर स्राव अधिक तास चालतो, आखूड असेल तर कमी तास. अशा रीतीने बाहेरच्या रात्रीची लांबी रक्तातील रासायनिक भाषेत उतरते.

हा संदेश पोष ग्रंथीच्या देठाजवळील भागात वाचला जातो. दिवस मोठे झाले की तेथील पेशी अवटू-उद्दीपक हॉर्मोन तयार करतात. हे हॉर्मोन मात्र गळ्यातील अवटू ग्रंथीकडे न जाता उलट मेंदूकडे, अधोथॅलॅमसाकडे जाते आणि तेथे अवटू हॉर्मोनाचे अधिक क्रियाशील रूप तयार करवते. ही साखळी जपानमधील नागोया विद्यापीठात ताकाशी योशिमुरा यांच्या गटाने लावा पक्ष्यांवर काम करून उलगडली. लावा पक्ष्याला एकच मोठा दिवस मिळाला तरी प्रजननाची यंत्रणा हलू लागते. पुढे सस्तन प्राण्यांतही हीच साखळी आढळली. तिच्या अखेरीस अधोथॅलॅमसातून जीएनआरएच हे हॉर्मोन स्रवते, त्याच्या प्रभावाने पोष ग्रंथी एलएच व एफएसएच ही हॉर्मोने सोडते. एलएचमुळे वृषणातील लायडिख पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात. एफएसएच व टेस्टोस्टेरॉन मिळून सर्टोली पेशींच्या आधाराने शुक्राणूंची निर्मिती चालू ठेवतात.

संदेश बदलला तरी परिणाम लगेच दिसत नाही. मेंढ्याच्या वृषणात एक शुक्राणू घडायला सुमारे ७ आठवडे लागतात, म्हणून दिनमानातील बिघाडाचा वीर्यावरील परिणाम महिना-दोन महिन्यांनी कळतो. पशुपालकाला कारण सापडत नाही ते बहुधा यामुळेच.

हॅमस्टर: अभ्यासाचा मुख्य आधार

सोनेरी हॅमस्टर या सीरियातील कृंतक प्राण्यावर या विषयातील सर्वाधिक प्रयोग झाले. दिवसाला सुमारे साडेबारा तासांपेक्षा कमी प्रकाश मिळाला, तर १० ते १२ आठवड्यांत नराच्या वृषणांचे वजन मूळच्या सुमारे एक-पंचमांश किंवा त्याहूनही कमी होते. एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन व टेस्टोस्टेरॉन घटतात आणि शुक्राणूंची निर्मिती थांबते. १९६५ मध्ये हॉफमन व राइटर यांनी दाखवले की दिवसाला फक्त एक तास प्रकाशात ठेवलेल्या नरांची तृतीय नेत्र ग्रंथी आधीच काढून टाकली असेल तर वृषणे आक्रसत नाहीत. तोपर्यंत ही ग्रंथी निरुपयोगी अवशेष आहे असे अनेकांचे मत होते.

१९७२ मध्ये एलियट, स्टेटसन व मेनेकर यांनी याहून चतुर प्रयोग केला. सर्व गटांना प्रकाश ६ तासांचाच दिला, पण अंधाराची लांबी बदलून चक्रे २४, ३६, ४८ व ६० तासांची केली. २४ व ४८ तासांच्या चक्रांत वृषणे आक्रसली; ३६ व ६० तासांच्या चक्रांत ती टिकून राहिली, जरी त्यांत अंधार कितीतरी अधिक होता. म्हणजे प्राणी प्रकाशाचे तास मोजत नाही. आपल्या आंतरिक घड्याळानुसार जी रात्र आहे, तिच्यात प्रकाश पडला का एवढेच तो पाहतो. लहान दिवसांच्या काळातही मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तर शरीर तो दिवस मोठा समजते, याचे स्पष्टीकरण येथे मिळते.

नर कायमचा वंध्य होतो असे मात्र नाही. लहान दिवस चालूच ठेवले तरी सुमारे ५-६ महिन्यांनी वृषणे आपोआप पुन्हा वाढू लागतात. निसर्गात बिळात अंधारात हिवाळा काढणाऱ्या या प्राण्याला वसंत येण्याआधीच सज्ज व्हावे लागते, हे लक्षात घेतले तर याचे प्रयोजन उमगते.

मेलॅटोनिन 'प्रजननविरोधी' आहे काय?

लोकप्रिय लेखनात मेलॅटोनिनचा उल्लेख प्रजनन रोखणारे हॉर्मोन असा वारंवार होतो. हे विधान दिशाभूल करणारे आहे. लांब रात्रींमुळे हॅमस्टरची वृषणे आक्रसतात, तर मेंढ्याची व बोकडाची वाढतात. दोघांच्याही रक्तात मेलॅटोनिनचा स्राव तितकाच लांबलेला असतो. हॅमस्टरचा गर्भकाळ १६ दिवसांचा, म्हणून समागम व जन्म दोन्ही उन्हाळ्याच्या सुमारास उरकतात. मेंढीचा सुमारे ५ महिन्यांचा, म्हणून कोकरे वसंतात जन्मावीत यासाठी समागम शरदात व्हावा लागतो. तेव्हा मेलॅटोनिन फक्त 'रात्र इतकी लांब आहे' एवढेच सांगते. त्याचा अर्थ प्रत्येक जात आपापल्या गरजेप्रमाणे लावते. कार्टर व गोल्डमन यांनी १९८३ मध्ये सायबेरियन हॅमस्टरांवरील प्रयोगांत दाखवले की ग्रंथी काढलेल्या नरांना मेलॅटोनिन रोज किती वेळ दिले जाते, हीच निर्णायक बाब आहे.

याच गुणाचा उपयोग पशुपालनात होतो. मेलॅटोनिनची बारीक कांडी मेंढ्यांच्या कानामागे त्वचेखाली बसवली की शरीराला दिवस लहान झाल्याचा भास होतो आणि प्रजननाचा हंगाम अलीकडे येतो. फ्रान्समध्ये बोकडांना आलटून पालटून एक महिना मोठे व एक महिना लहान दिवस दाखवून वर्षभर वीर्य मिळवता आले. उत्तर मेक्सिकोत देल्गादिल्यो व सहकाऱ्यांनी बोकडांना हिवाळ्यात अडीच महिने रोज १६ तास प्रकाश दिला. दिवे बंद केल्यावर एरवी सुस्त असण्याच्या काळात हे बोकड माजावर आले, आणि त्यांच्या केवळ सहवासाने शेळ्याही.

रात्रीचा कृत्रिम प्रकाश

प्रयोगशाळेत हेतुपूर्वक केलेला बदल शहरांत नकळत होत आहे. जर्मनीतील माक्स प्लांक पक्षिविज्ञान संस्थेत डोमिनोनी व सहकाऱ्यांनी युरोपीय कस्तुर पक्ष्यांच्या नरांना रात्री फक्त ०.३ लक्स प्रकाशात ठेवले. हा प्रकाश फार तर पौर्णिमेच्या चांदण्याच्या तोडीचा, रस्त्यावरील दिव्याखालच्या प्रकाशापेक्षा पुष्कळच मंद. तरीही त्यांची वृषणे अंधारात ठेवलेल्या नरांपेक्षा जवळजवळ एक महिना आधी वाढली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा दुसरा भाग अधिक चिंताजनक आहे: तोच प्रकाश चालू राहिला तेव्हा दुसऱ्या वर्षी या पक्ष्यांची प्रजननसंस्था विकसितच झाली नाही. पहिल्याच वर्षी प्रयोग थांबवला असता तर प्रकाशामुळे प्रजननाला चालना मिळते असाच निष्कर्ष निघाला असता. नर लवकर सज्ज झाला, तरी मादी व पिलांना लागणारे किडे त्याच वेळी तयार असतील असे नाही, हा प्रश्न वेगळाच.

भारतातील संदर्भ

उष्ण कटिबंधात दिनमानातील फरक कमी असतो. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान सुमारे ११ तासांचा असतो. त्यामुळे येथील शेळ्यामेंढ्यांच्या स्थानिक जातींत प्रजननाचा हंगाम समशीतोष्ण प्रदेशातील जातींइतका काटेकोर नसतो आणि चारा व उष्मा यांना अधिक महत्त्व येते. मात्र महाराष्ट्रातील ज्वारीच्या शेतांत हिवाळ्यात थव्यांनी उतरणारे काळ्या डोक्याचे भारीट उत्तरेचे पाहुणे आहेत. हे पक्षी उत्तर भारतातील संशोधकांनी, विशेषतः विनोद कुमार व सहकाऱ्यांनी, दीर्घकाळ अभ्यासले. मोठे दिवस मिळताच त्यांच्या अंगावर चरबी चढते व वृषणे वाढतात. बनारस हिंदू विद्यापीठात चंदना हलदर यांनी पाच पट्ट्यांच्या खारीवर केलेल्या कामात तृतीय नेत्र ग्रंथीची क्रियाशीलता व वृषणांची क्रियाशीलता यांचे वार्षिक चक्र परस्परविरुद्ध आढळले.

निष्कर्ष लावताना घ्यावयाची काळजी

प्रयोगशाळेतील पांढरे उंदीर वर्षभर प्रजनन करतात आणि दिनमानाला क्षीण प्रतिसाद देतात. प्रयोगांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सी५७ब्लॅक६ या उंदरांच्या वाणात तर जनुकीय दोषामुळे मेलॅटोनिन जवळजवळ तयारच होत नाही. अशा उंदरांत 'परिणाम आढळला नाही' याचा अर्थ इतर प्राण्यांतही तो नाही असा होत नाही. घड्याळाचे बीमॅल१ हे जनुक काढून टाकलेले नर उंदीर मात्र वंध्य असतात. त्यांचे टेस्टोस्टेरॉन कमी व एलएच जास्त आढळते, म्हणजे दोष वृषणातच असतो. परंतु जनुक नसणे आणि दिवस-रात्रीचे चक्र बिघडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मानवात प्रजननाचा असा ठळक हंगाम नाही, त्यामुळे हॅमस्टर किंवा मेंढ्यावरील आकडे रात्रपाळी करणाऱ्या पुरुषांना थेट लावता येत नाहीत.