बॅकअप आहे, पण रिस्टोअर होतो का?

डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा हा किस्सा वाचायलाच हवा.

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरचं डेटा फोल्डर रिकामं करायचं होतं. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरलं.

मग बॅकअप शोधला, तर ॲमेझॉनच्या एस-३ वर काहीच नाही! डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, डम्प घेणारं टूल ९.२ चं. त्यामुळे डम्प दर वेळी फसत होता. (मला खरी गंमत पुढे वाटते.) तसं कळवणारे ईमेल निघत होते, पण त्यांवर डिजिटल सही नसल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. अझूरचे डिस्क स्नॅपशॉट? डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केले नव्हते.

तारलं ते योगायोगाने. सुमारे सहा तास आधी, वेगळ्याच कामासाठी, कुणीतरी हाताने स्नॅपशॉट घेतला होता. तोही संथ डिस्कवर, म्हणून कॉपी व्हायलाच तासन्‌तास गेले. लोकांचा कोड शाबूत राहिला, सहा तासांतले प्रोजेक्ट, कमेंट आणि नवी खाती मात्र गेली. हे रिस्टोअर त्यांनी यूट्यूबवर लाईव्ह दाखवलं, याचं मला फार कौतुक आहे.

तुमच्याकडे पोस्टग्रेस असेल तर ‘पीजी-रिस्टोअर’ची नुसती यादी पाहून थांबू नका, त्यातून फाईलमध्ये काय-काय आहे एवढंच कळतं. वेगळ्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर करा, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आली ते बघा आणि किती वेळ लागला तेही लिहून ठेवा.