एका नगरात जलोद्याने किती?

मे महिन्यातील कोणत्याही रविवारी सकाळी आठाच्या सुमारास आपण बंगळूरच्या जे. पी. नगरात फिरावयास निघालात, तर दोन दृश्ये हमखास दृष्टीस पडतील. एखाद्या इमारतीच्या फाटकाशी एक कुटुंब भाड्याच्या मोटारीची वाट पाहत उभे असते. आईच्या खांद्यावरील पिशवीतून टॉवेल डोकावत असतात आणि मुलांनी पोहण्याचे कपडे घरूनच अंगात चढविलेले असतात. त्याच गल्लीत, चार घरे सोडून, पाण्याचा टँकर उभा असतो व त्याची जाड नळी इमारतीच्या तळटाकीत सोडलेली असते. कुटुंब निघालेले असते म्हैसूर रस्त्यावरील बिडदीकडे, 'वंडरला' या वॉटर पार्कला. टँकर कोठून आला, हे बहुधा रखवालदारासच ठाऊक असते.

टँकराकडे आपण मागाहून वळू. मोठ्या नगराजवळ एखादे जलोद्यान चांगले चालू लागले, की दुसरे काढण्याची कल्पना कोणास तरी सुचतेच. जमीन घ्यावी, घसरगुंड्या उभाराव्यात, लाटांचे तळे बांधावे. पर्यटक तर नगरात येतच असतात! परंतु बंगळूरसारख्या नगरास अशी तीन-चार जलोद्याने खरोखर पोसता येतील काय? प्रश्न भांडवल घालणाऱ्यांचा दिसतो. तथापि त्याचे उत्तर चुकले, तर त्याची किंमत तिकीट काढून आत जाणाऱ्या कुटुंबास आणि आसपासच्या कूपनलिकांस मोजावी लागते. म्हणून तो, वाचकहो, आपलाही प्रश्न आहे.

पहिला भ्रम 'पर्यटक' या शब्दापाशीच आहे. कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावहून जे कुटुंब दक्षिणेच्या सहलीस निघते, ते बंगळुरात किती थांबते? एक दिवस, फार तर दोन. लालबाग, विधान सौधाचे बाहेरून दर्शन, थोडी रेशमी खरेदी, आणि पुढे म्हैसूर व उटी. पाणी पाहण्याची त्याची हौस कृष्णराजसागराच्या पायथ्याशी वृंदावन उद्यानातील कारंजी भागवितात, आणि तेही अंग न भिजविता. आठ दिवसांच्या सहलीतील एक अख्खा दिवस घसरगुंडीवर घालविणारा प्रवासी विरळा. जलोद्यानाच्या दारात रोज उभे असतात ते नगरातीलच लोक: सुट्टीतील मुले व त्यांचे पालक, शाळा-महाविद्यालयांच्या सहली, कचेऱ्यांतून एकत्र आलेले तरुण. गोव्याकडे पाहिले की हे अधिकच पटते. तेथे पर्यटकांस तोटा नाही, आणि हणजुण्यास 'स्प्लॅशडाउन' नावाचे जलोद्यानही आहे. पण समुद्र फुकट असताना तिकिटाच्या पाण्यात जाणारे थोडेच असावयाचे.

तेव्हा हिशेब पर्यटकांचा न करता दोन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या कुटुंबांचा करावयास हवा. 'वंडरला'चे उदाहरण घेऊ. कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली या केरळी उद्योजकांनी २००० साली कोचीजवळ 'वीगालँड' काढले. पुढे २००५ मध्ये बंगळूरपासून सुमारे २८ किलोमीटरांवर, बिडदीपाशी, सुमारे ८२ एकर जागेत हे दुसरे उद्यान उघडले. (बिडदी म्हटले की येथील माणसास प्रथम ताटाएवढी 'तट्टे इडली' आठवते, मराठी प्रवाशाची नजर मात्र टोयोटाच्या कारखान्यावरील 'किर्लोस्कर' या नावावर खिळते.) या उद्यानास वर्षाकाठी सुमारे दहा लाख माणसे भेट देतात. नगराची वस्ती एक कोटीच्या वर गेली आहे. म्हणजे बाहेरचे पाहुणे क्षणभर बाजूस ठेवले, तर दर दहा-बारा नगरवासीयांमागे एकाने दरवर्षी तेथे गेले पाहिजे. त्याच तोलाचे दुसरे उद्यान उघडावयाचे, तर आणखी दहा लाख हवेत, आणि तेही पहिल्या वर्षीच्या कुतूहलापुरते नव्हेत. तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षीही हवेत.

येथे खर्चाचा प्रकार ध्यानात घेतला पाहिजे. जलोद्यानाचा खर्च उपाहारगृहासारखा नसतो. गिऱ्हाईक कमी आले तर उपाहारगृहवाला तांदूळ कमी शिजवील. परंतु लाटांचे तळे अर्धे चालविता येत नाही. तळ्याच्या खोल टोकाशी भिंतीआड कोठड्या असतात. त्यांत मोठे पंखे हवा दाबतात व सोडतात, आणि त्या दाबाने पाणी पुढे ढकलले जाऊन लाट उठते. पाण्यात पाचशे माणसे असोत वा पाच हजार, पंखे तेवढीच वीज खातात. घसरगुंडीच्या माथ्यावर पाणी चढविणारे पंप, वाळूच्या गाळण्या, क्लोरीन, प्रत्येक कुंडाच्या काठी उभा जीवरक्षक, हे सारे माणसे मोजून कमी-जास्त होत नाही. उलट माणसे येतात ती शनिवार-रविवारी, एप्रिल-मेमध्ये, दसऱ्यास व नाताळात. मधल्या मंगळवारी उद्यान रिकामे आणि पंप मात्र चालू! शिवाय दर दोन-तीन वर्षांनी काही नवे उभारावे लागते, नाही तर 'मागच्या खेपेस पाहिलेच आहे' असे म्हणून मुले नाक मुरडतात.

यामुळे या धंद्यात स्पर्धा भाजीबाजारासारखी शेजारी-शेजारी नांदत नाही. ज्याच्यापाशी नव्या घसरगुंडीपुरता पैसा शिल्लक राहतो तो मोठा होत जातो. बाकीचे जागच्या जागी जुने होतात. बंगळुरात हेच दिसते. पॅलेस मैदानालगतचे 'फन वर्ल्ड', नागवार तलावाकाठची 'लुंबिनी गार्डन्स' ही स्थळे नगराच्या पोटात असल्याने अर्ध्या दिवसाच्या करमणुकीस सोयीची ठरली. परंतु २००५ नंतरच्या वीस वर्षांत 'वंडरला'च्या तोलाचे दुसरे जलोद्यान या नगरास उभे करता आले नाही. बिडदीतच २००८ च्या सुमारास 'इनोव्हेटिव्ह फिल्म सिटी' मोठ्या थाटात निघाली होती. त्या नावाने ती पुढे उरली नाही.

मुंबईकर वाचकांस याहून जवळचे उदाहरण ठाऊक आहे. गोराईचे 'एस्सेलवर्ल्ड' १९८९ मध्ये निघाले, शेजारी १९९८ मध्ये 'वॉटर किंगडम' आले, आणि खाडी ओलांडणाऱ्या बोटीसह ती सफर एका सबंध पिढीच्या बालपणात जाऊन बसली. ठाण्यास 'टिकुजीनी वाडी' व 'सूरज', विरारकडे 'ग्रेट एस्केप', भिवंडीकडे 'शांग्रिला' अशी उद्याने निघाली. मुंबईची वस्तीच एवढी, की बरीच वर्षे सर्वांस पुरेल इतके लोक मिळाले. मग २०१३ मध्ये खोपोलीजवळ द्रुतगती मार्गालगत 'इमॅजिका' आले व पुढच्याच वर्षी त्यास जलोद्यान जोडले गेले. मुंबई आणि पुणे ही दोन्ही नगरे हाताशी असल्याने, येथे अपयश येणार नाही अशी खात्री वाटण्याजोगीच ही जागा होती. तथापि डोक्यावरील कर्जाने कंपनीस वाकविले, आणि २०२२ मध्ये ती मालपाणी समूहाच्या हाती गेली. लोणावळ्याचे व शिर्डीचे 'वेट एन जॉय' ज्यांचे, तेच हे मालपाणी. म्हणजे घाटाच्या वरचा प्रतिस्पर्धी व घाटाखालचा प्रतिस्पर्धी एकाच घरचे झाले. त्याच २०२२ मध्ये गोराईचे 'एस्सेलवर्ल्ड' बंद पडले. प्रवाशास दारे अनेक दिसतात. गल्ला मात्र हळूहळू एकाच ठिकाणी गोळा होतो.

अनेक जलोद्याने एकत्र जगल्याची उदाहरणे जगात नाहीतच, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील ऑर्लँडो येथे डिस्नेने १९७६ मध्ये 'रिव्हर कंट्री' काढले, आणि १९७७ मध्ये जॉर्ज मिले यांनी 'वेट एन वाइल्ड' उघडले. आधुनिक जलोद्यानांची परंपरा बहुधा याच दुसऱ्यापासून मोजतात. पुढे डिस्नेची आणखी दोन, 'सीवर्ल्ड'चे एक, 'युनिव्हर्सल'चे एक अशी भर पडली. पण त्या दोन वडीलधाऱ्यांपैकी आज एकही चालू नाही. 'रिव्हर कंट्री' २००१ मध्ये मिटले. 'वेट एन वाइल्ड' २०१६ च्या अखेरीस बंद झाले आणि काही महिन्यांत 'युनिव्हर्सल'ने आपले नवे उद्यान उघडले. आज जी मोठी तेथे उभी आहेत ती सारी बड्या घराण्यांची आहेत. कुटुंब आठवडाभर उतरते, आणि जलोद्यान हे त्या आठवड्याच्या भोजनातील एक कोशिंबीर असते. एकट्या कोशिंबिरीवर तेथे कोणी खानावळ चालवीत नाही.

विस्कॉन्सिन राज्यातील 'डेल्स' हे गाव तर अधिकच नवलाचे आहे. वस्ती जेमतेम तीन हजार, हिवाळा बर्फाचा, आणि जलोद्याने मात्र इतकी, की गाव स्वतःस जगातील जलोद्यानांची राजधानी म्हणवून घेते! युक्ती अशी, की १९९० नंतर तेथील हॉटेलांनी छपराखाली ऊबदार तळी बांधली. पाण्यात शिरण्याचे तिकीट हा त्यांचा मुख्य माल नव्हे, राहण्याची खोली हा माल होय. हिवाळ्यातील रिकाम्या खोल्या भरण्याचे साधन म्हणून पाणी. बंगळुरातील कुटुंब रात्री आपल्या घरीच झोपावयास परत येते; त्यास खोली कोण विकणार? 'वंडरला'नेही आपल्या उद्यानाशेजारी हॉटेल चालविले आहे, हे येथे सूचक म्हणावे लागेल.

आता त्या टँकराकडे वळू. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवून आणावे लागते. त्यातील शेवटचा टप्पा तातगुणी, जे. पी. नगराच्या कडेने जाणाऱ्या कनकपुरा रस्त्यावरच आहे. तरी या उपनगराच्या दक्षिणेकडील कित्येक वसाहती कूपनलिकांवर जगतात. २०२३ चा पाऊस अपुरा झाला आणि २०२४ च्या मार्चमध्ये कूपनलिका आटल्या. त्या वेळी पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी मोटारी धुण्यास, बागांस, कारंज्यांस आणि पोहण्याच्या तलावांस वापरण्यावर बंदी घातली. दंड पाच हजार रुपये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला व दिवसाला ७७.५ कोटी लिटर पाणी वाढले, तेव्हा जिवात जीव आला.

अशा नगराजवळ जलोद्यान म्हणजे उधळपट्टीच, असे आपणांस वाटेल. प्रस्तुत लेखकासही प्रथम तसेच वाटले होते. परंतु हिशेब केला तर चित्र थोडे वेगळे निघते. एक एकर उघडे पाणी दिवसाला पाच मिलिमीटर आटते असे धरा. वीस हजार लिटर हवेत गेले. माणशी १३५ लिटर या शहरी मापाने ते चौघांच्या सदतीस कुटुंबांचे पाणी. तळ्यातील बाकीचे पाणी गाळून पुनःपुन्हा तेच वापरले जाते. मोठा खर्च वेगळाच आहे. दिवसाला सरासरी पावणेतीन हजार माणसे आली आणि प्रत्येकाने तळ्याबाहेर स्नानास व शौचास चाळीस लिटर वापरले असे धरले, तर एक लाख दहा हजार लिटर झाले. चौघांच्या दोनशे कुटुंबांचे! हे सांडपाणी शुद्ध करून बागेस वापरले आणि पावसाचे पाणी साठविले, तर भार हलका होतो. न वापरले तर शेजारच्या शेतकऱ्याची कूपनलिका आणखी खोल जाते. बिडदी बंगळूर नगराच्या हद्दीबाहेर असली, तरी भूगर्भातील पाण्यास हद्दी नसतात. एका उद्यानाचा हा भार सोसवेल. चार उद्यानांचा, आणि तोही २०२४ सारख्या वर्षी, सोसवेल असे वाटत नाही.

स्पर्धेने तिकीट स्वस्त होईल आणि आपला लाभ होईल, हा युक्तिवाद ऐकू येतो. आज मोठ्या उद्यानात माणशी हजार रुपयांहून अधिक पडतात. त्यांत अठरा टक्के वस्तू व सेवा कर असतो (२०१८ पूर्वी तो अठ्ठावीस टक्के होता). मुलांची सवलत वयावर नव्हे, उंचीवर ठरते. बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा आत नेऊ देत नाहीत. चौघांचे कुटुंब प्रवास व जेवण धरून सहा-सात हजारांस सहज उतरते. मध्यम वर्गास हे जड आहेच. परंतु खर्च कमी होत नसताना तिकीट उतरविणारा मालक तूट कोठून भरून काढणार? वीज तोडता येत नाही. उरतात जीवरक्षक, गाळण्या आणि क्लोरीन. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्वस्त उद्यानात आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. सात घसरगुंड्यांपैकी चार दोरी बांधून बंद केलेल्या, लाटांच्या तळ्याकाठी एकच रक्षक, तोही भ्रमणध्वनीवर बोलत, आणि पाणी असे की गुडघ्याखालचे पाऊल दिसेना. आम्ही तासाभरात मुलांना बाहेर काढले. ती रडली, पैसे परत मिळाले नाहीत.

आपण जाल तेव्हा एवढे पाहावे. उथळ कुंडाचा तळ काठावरून स्वच्छ दिसला पाहिजे. पाण्यात क्लोरीन किती, हे विचारण्यास संकोच करू नये. लिटरमागे निदान एक मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे लागते, आणि चांगल्या उद्यानात ही नोंद रोज ठेवलेली असते. डोळ्यांस झोंबणारा उग्र वास हे स्वच्छतेचे लक्षण नव्हे; घाम व मूत्र क्लोरीनशी मिसळल्याने तो येतो. उंचीची अट मोडून आपल्या मुलास आत सोडण्याचा आग्रह रक्षकापाशी धरू नये.

बंगळुरापुरते बोलावयाचे, तर एक मोठे उद्यान आणि नगराच्या निरनिराळ्या टोकांस अर्ध्या दिवसाची दोन-तीन लहान, एवढ्याने या नगराची भूक भागते, असे आमचे मत झाले आहे. मार्च २०२३ मध्ये म्हैसूरचा द्रुतगती मार्ग उघडल्यापासून तर म्हैसूरचे 'जीआरएस फँटसी पार्क'ही याच पंगतीत येऊन बसले आहे. चेन्नईची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे 'व्हीजीपी', 'एमजीएम', 'क्वीन्सलँड' ही जुनी उद्याने असतानाही २०२५ च्या डिसेंबरात 'वंडरला'ने नवे दार उघडले. तेथील उकाडा बंगळुराहून कितीतरी अधिक काळ टिकतो. मात्र जुन्यांपैकी किती जण नव्या घसरगुंड्या उभारू शकतात, ते पाच वर्षांनी पाहावे.

जाण्याचा बेत असेल तर मे टाळावा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर, एखाद्या स्थानिक सुट्टीच्या मंगळवारी वा बुधवारी जावे. तेव्हा रांगा लहान असतात आणि मोठ्या घसरगुंडीवर मूल तीनदा जाऊन येते. पाऊस आला तरी भिजलेल्यास त्याचे काय! संध्याकाळी मात्र बिडदीस गार वारा सुटतो; पिशवीत प्रत्येकासाठी एक कोरडा टॉवेल वेगळा ठेवावा.