बॅज म्हणजे कवच नव्हे

एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांमध्ये धास्ती दिसते तशी बेफिकिरीही दिसते, आणि बहुतेक वेळा दोन्ही चुकीच्या जागी असतात. यंत्र बंद असलं तरी खोलीत, भिंतींत किरण मुरून राहतात, ही त्यातली धास्ती. नळीचा वीजपुरवठा थांबताच एक्स-रे थांबतात. मागे काही उरत नाही, टेबल किंवा गादी किरणोत्सारी होत नाही. न्यूक्लिअर मेडिसिनचं मात्र वेगळं आहे. तिथे औषध टोचलेला रुग्ण स्वतःच किरणांचा स्रोत असतो. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तर हे किरण नसतातच.

जपायला हवं ते यंत्र चालू असताना, आणि तेही रुग्णाजवळ. कर्मचारी सहसा मूळ झोतात नसतो. त्याच्यापर्यंत पोचतात ते रुग्णाच्या शरीरातून विखुरलेले किरण. रुग्णापासून १ मीटरवर ते मूळ झोताच्या साधारण हजाराव्या भागाइतके असतात आणि २ मीटरवर त्याच्याही चौथाईइतके. म्हणजे एक पाऊल मागे सरणं हेही खरंखुरं संरक्षण आहे. झोत शरीरात शिरतो त्या बाजूला विखुरणं सर्वाधिक असतं, म्हणून सी-आर्म या एक्स-रे यंत्राची नळी टेबलाखाली ठेवतात. ती वर घेतली की डोळ्यांना जास्त मात्रा मिळते.

‘टीएलडी बॅज लावलाय ना, आणि रिपोर्टही मर्यादेत आहे,’ असं यावर ऐकायला मिळतं. पण बॅज किरण अडवत नाही, फक्त मोजतो, आणि त्याचं मोजमाप हाती येतं ते काही महिन्यांनी. भारतात मर्यादा सलग ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे, कोणत्याही एका वर्षी ३०. या आकड्याखाली धोका शून्य, असा त्याचा अर्थ नाही. कर्करोगाचा धोका मात्रेबरोबर वाढतो असं धरूनच नियम बेतलेले आहेत. शिवाय छातीवर, लेड एप्रनच्या आत लावलेल्या बॅजला डोळ्यांवर आणि हातांवर काय पडलं ते कळत नाही. हा मुद्दा किरकोळ नाही. मोतीबिंदू पूर्वी समजत होते त्यापेक्षा कमी मात्रेतही होतो, हे दिसल्यावर किरणोत्सार संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११मध्ये डोळ्याच्या भिंगाची वार्षिक मर्यादा १५० वरून सरासरी २० मिलिसीव्हर्टवर आणली. कॅथलॅबमध्ये छतावरून टांगलेली शिशाची काच मध्ये येते म्हणून बाजूला सारली, की याच डोळ्यांचं संरक्षण जातं. घाईच्या वेळी हे सगळं कसं सांभाळायचं, ही अडचण खरी आहे. पण पडद्यावर शेवटची प्रतिमा दिसत असताना झोत चालू ठेवणाऱ्या पेडलवरून पाय काढायला वेळ लागत नाही.